डाव्या हाताने लिहिलेला गृहपाठ

(वडोदऱ्याच्या एका आईचं पत्र आणि निवृत्त शिक्षिकेचं उत्तर. जानेवारी २०२२, कोरोनामुळे शाळा पुन्हा बंद झाल्या तेव्हाचं.)

आदरणीय बाई,

आम्ही नवापुऱ्यात राहतो. घरात मी, हे, सासूबाई आणि दोन मुलं. मुलगी पाचवीत, मुलगा दुसरीत, दोघंही गुजराती माध्यमाच्या एकाच शाळेत. हे मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, कामाला आहेत, शिफ्ट दर आठवड्याला बदलते. मी घरून पोळी-भाजीचे डबे देते, सकाळचे अकरा.

मुलाची अख्खी पहिली फोनवर गेली. २२ नोव्हेंबरला शाळा उघडली तेव्हा तो पहिल्यांदा खऱ्या वर्गात बाकावर बसला. एक मित्र मिळाला. डब्यात काय आहे ते आधी त्याला दाखवायचं म्हणून फाटकातून पळत आत जायचा. ७ जानेवारीला संध्याकाळी ग्रुपवर मेसेज आला की उद्यापासून पुन्हा ऑनलाइन. तेव्हापासून तो रोज सकाळी युनिफॉर्म घालतो, दप्तर पाठीला लावतो आणि दाराबाहेर ओट्यावर जाऊन बसतो. फोन समोर धरला की तोंड फिरवतो. काल तर पलंगाखाली शिरला.

सकाळी घरात एकच स्मार्टफोन असतो, माझा. डब्यांच्या ऑर्डरी त्यावरच येतात. मुलाचे चार तास, म्हणजे पिरियड, असतात, आठ ते अकरा. मुलगी समजूतदार आहे, तिचं ती बघते.

बाई, एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. गेले दहा दिवस मुलाचा गृहपाठ मीच करते आहे. डाव्या हाताने लिहिते, म्हणजे अक्षर त्याचं वाटतं. फोटो काढून पाठवते. त्याच्या बेन, म्हणजे वर्गशिक्षिका, ‘व्हेरी गुड’ लिहून स्टार पाठवतात आणि मला रडू येतं.

सासूबाई म्हणतात, दोन वर्षं वाया गेलीच आहेत, पोराला कशाला छळतेस. हे म्हणतात, ट्यूशन लाव, नाहीतर हप्त्यावर टॅब घेऊन टाकू. मला काही सुचत नाही. मी आई म्हणून कमी पडते आहे का?

एक आई, वडोदरा


प्रिय ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते मिळेपर्यंत बाकी काही तुमच्या मनात शिरणार नाही. तुम्ही कमी पडत नाही. अकरा डबे, एक फोन, दोन वर्ग आणि ओट्यावर दप्तर लावून बसलेला मुलगा, हे सगळं एका सकाळी एका बाईच्या अंगावर आलेलं आहे. त्यात कुणाचीही धांदल उडेल.

आता गृहपाठाबद्दल. मी एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. नोकरीचं शेवटचं वर्ष, २०२०-२१, फोनवरच गेलं. वर्गात अडतीस मुलं होती. आयांना जेवणं उरकल्यावरच सवड व्हायची, म्हणून वह्यांचे फोटो रात्री नऊनंतर यायला लागायचे. एका मुलीचा गृहपाठ कायम बिनचूक असे. मीही तिला स्टार पाठवत राहिले आणि मनात म्हणत राहिले, चला, हिची तरी काळजी नाही. निवृत्त झाल्यावर एकदा तिच्या घरी गोष्टीची पुस्तकं द्यायला गेले आणि सहज एक पान वाचायला दिलं. ‘घर’ला ती ‘धर’ म्हणाली. पुढच्या ओळीत ‘धन’ला ‘घन’. मग माझ्या तोंडाकडे बघत अंदाजाने शब्द फेकायला लागली. घ आणि ध तिच्या डोळ्यांत वेगळे झालेच नव्हते, आणि वर्षभर मला ते कळलं नाही. तिची आई शेजारी मान खाली घालून उभी होती. मला तिचा राग आला नाही. मुलीला कुणी बोलू नये म्हणून तिने ते केलं होतं. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. पहिल्याच महिन्यात तो घ मला दिसला असता तर तो आठ दिवसांचं काम होता.

वर्गात असताना बाईंना बरंच काही दिसतं. बाकांमधून फिरताना कोणाची पेन्सिल कुठल्या शब्दावर थांबली, खोडरबराने कागदाला कुठे भोक पडलं, कोण शेजाऱ्याच्या वहीत बघतंय, हे न विचारता कळतं. फोनवर यातलं काहीच दिसत नाही. तिथे मुलाची चूक हीच त्याने बाईंना पाठवलेली चिठ्ठी असते, आणि तुमच्या घरून ती चिठ्ठी दहा दिवस गेलेली नाही.

म्हणून आज रात्री त्याच्या बेनना कळवा. ग्रुपवर नको, त्यांच्या स्वतःच्या नंबरवर. लिहायला जड वाटत असेल तर बोलून पाठवा. एवढंच सांगा: ‘बेन, गेले दहा दिवस त्याची वही मी लिहिते आहे. शाळा बंद झाल्यापासून तो फोनसमोर बसत नाही. सकाळी आमच्याकडे एकच फोन आहे आणि दोन मुलं आहेत. उद्यापासून तो जेवढं स्वतः लिहील तेवढंच पाठवीन, चुका असतील तशा. त्याच्याशी दोन मिनिटं फोनवर बोलाल का?’ शेवटचं वाक्य गाळू नका. दुसरीतल्या मुलाला स्क्रीनवरच्या चाळीस चौकोनांतली बेन ही आपली बेन वाटत नाही. त्याचं नाव घेऊन त्यांनी फोनवर विचारलं, ‘काय रे, संक्रांतीला किती पतंग कापलेस?’, तर कदाचित पलंगाखालून तो आपणहून बाहेर येईल. बेन थोड्या रागावल्या तर रागावू द्यात. पण माझा अनुभव विचाराल तर खरं सांगणारी आई भेटली की शिक्षकांना हायसंच वाटतं. त्यांचीही ही तारेवरची कसरतच चाललेली आहे, आणि त्यांच्याही घरी मुलं आहेत.

वहीतली ती दहा दिवसांची पानं फाडू नका. पुढच्या कोऱ्या पानावर तारीख घाला आणि त्याला तीन ओळी लिहायला सांगा. दहा नकोत, तीनच. चुकलेलं तुम्ही खोडू नका. फोटो काढा, पाठवा.

चार तासांबद्दलही बेनशी किंवा आचार्यांशी (मुख्याध्यापकांशी) बोलायला हवं, आणि ते हक्काने बोला. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन वर्गांसाठी ‘प्रज्ञाता’ नावाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत पहिली ते आठवीच्या मुलांसाठी दिवसाला दोनपेक्षा जास्त ऑनलाइन सत्रं नसावीत आणि एक सत्र ३० ते ४५ मिनिटांचं असावं, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. आठ ते अकरा चार पिरियड हे त्याच्या दुप्पट झालं. शाळा मुद्दाम छळते असं मी म्हणत नाही. बरेच पालक ‘फी पूर्ण घेता मग तास पूर्ण घ्या’ म्हणून मागे लागतात आणि शाळा वेळापत्रक भरून टाकते. तुम्ही एवढंच विचारा: या चारांपैकी माझ्या मुलाने कुठले दोन चुकवू नयेत? बहुतेक गुजराती आणि गणित सांगतील. मग त्या दोनांनाच बसवा, बाकीच्यांना नाही. आणि तो बसला तरी वीस मिनिटांनी त्याची नजर खिडकीबाहेर लांबवर कशावर तरी लावा, समोरच्या घराच्या पाण्याच्या टाकीवर, तारेत अडकलेल्या पतंगावर. डोळ्यांना तेवढी विश्रांती पुरते.

त्या दोन तासांनंतर जो फोन रिकामा होईल तो कुणाला द्यायचा, इथे मी जरा थांबते.

‘मुलगी समजूतदार आहे, तिचं ती बघते.’ तुमच्या पत्रातलं हे वाक्य मी चार वेळा वाचलं. सकाळी घरात एकच फोन आहे. आठ ते अकरा तो भावाच्या वर्गाला लागतो आणि मधूनमधून त्यावर ऑर्डर घ्यायला तुम्ही येता. मग पाचवीचा वर्ग ती कशावर बघते? बहुधा ती बघतच नाही. मैत्रिणीकडून वही मागवून उतरवून घेत असेल, किंवा संध्याकाळी वडिलांचा फोन मिळाला की ग्रुपवरचे फोटो बघत असेल. तक्रार करत नाही म्हणून तिचं चाललंय असं तुम्हाला वाटतंय. माझ्या वर्गात अशा मुली दरवर्षी दोन-तीन असायच्या. रडणाऱ्या मुलाकडे सगळं घर धावतं आणि ही कोपऱ्यात बसून भावाच्या पेन्सिलींना टोक काढून देते.

तिचा हिशेब मांडून बघा. मार्च २०२० मध्ये तिसरीची परीक्षा व्हायच्या आत शाळा बंद झाली. चौथी संपूर्ण फोनवर. पाचवीचे पहिले पाच महिने फोनवर, मग जेमतेम साडेसहा आठवडे वर्ग, आणि पुन्हा फोन, तोही नसलेला. चौथी-पाचवीत भागाकार येतो, अपूर्णांक येतात. नंतरचं निम्मं गणित त्यांच्यावर उभं राहतं. जूनमध्ये ती सहावीत जाईल.

तिला एकटीला गाठा. भाऊ आणि आजी नसताना, भाजी निवडायला शेजारी बसवून. ‘तुझं किती बुडलं?’ असं विचारू नका, समजूतदार मूल त्याला ‘काही नाही’ म्हणतं. गणिताचं पुस्तक तिच्या हातात द्या आणि म्हणा, जिथून कळेनासं झालं ते पान मला उघडून दाखव. ती पान उघडेल. ते कितीही मागचं निघालं तरी चेहरा पडू देऊ नका. शिकवता आलं नाही तरी हरकत नाही, त्या पानाचा फोटो तिच्या वर्गशिक्षकांना पाठवा.

फोनची वाटणी आजच ठरवा, कागदावर लिहून फ्रिजवर किंवा भिंतीवर लावा. मुलाचे दोन तास संपले की फोन तिचा. ती वर्गात असताना डब्याची ऑर्डर घ्यायची नाही. गिऱ्हाइकांना आदल्या रात्रीच नऊपर्यंत सांगायला लावा. ऐकतील, मुलांच्या शाळेसाठी म्हटलं की आपल्या गावात लोक ऐकतात. तुमचे मिस्टर पहिल्या पाळीला असतात त्या आठवड्यात दुपारनंतर घरी असतात ना? त्या वेळी त्यांचा फोन तासभर तिच्या स्वाधीन. तिच्या पुस्तकात धड्यांपाशी जे काळे चौकोनी क्यूआर कोड छापलेले आहेत ते ‘दीक्षा’ ॲपने स्कॅन केले की त्या धड्याचे व्हिडिओ उघडतात, आणि ते उतरवून ठेवता येतात, म्हणजे नंतर नेट नसलं तरी चालतं. टीव्हीवर डीडी गिरनारवर इयत्तावार धडे लागतात. त्यांचं वेळापत्रक बेनकडून मागून घ्या. टीव्ही तर सासूबाईंच्या खोलीत आहेच असं मी धरून चालते, नसला तर शेजारी.

आणि एक. भावाला शिकवण्याचं काम तिच्यावर टाकू नका. कधी तरी तिने हौसेने गोष्ट वाचून दाखवली तर उत्तम. रोजची ड्यूटी नको.

आता त्या ओट्यावर बसणाऱ्या मुलाकडे येऊ. तो हट्टी नाही. त्याचं काहीतरी हातचं गेलंय आणि त्याला ते सांगता येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वर्ग मिळाला, बाक मिळालं, डबा दाखवायला माणूस मिळालं, आणि दीड महिन्याने एका मेसेजने ते सगळं गेलं. मोठ्या माणसाचं असं काही गेलं तर आपण चार दिवस त्याच्या घरी जाऊन बसतो. त्याच्याजवळही बसा, ओट्यावरच, पाच मिनिटं. म्हणा, ‘शाळा बंद झाली म्हणून तुला फार वाईट वाटतंय ना? मलाही वाटतं.’ पुढे लगेच ‘पण’ जोडू नका. युनिफॉर्म घालतोय तर घालू द्या. दप्तरही लावू द्या. दोन तास झाले की सासूबाईंनी देवघरातली घंटा वाजवावी, शाळा सुटली, युनिफॉर्म काढून घडी घालायचा. सुरुवात त्याने स्वतः शोधलेली आहे, शेवट आपण द्यायचा.

त्याला तारखेचं वचन मात्र देऊ नका. सध्याचा आदेश ३१ जानेवारीपर्यंतचा आहे आणि ‘एक तारखेला शाळा’ असं सांगायचा मोह होतो. मार्च २०२० आठवा. १६ तारखेपासून शाळा बंद झाल्या तेव्हा २९ मार्चपर्यंतच असं सांगितलं होतं, आणि पहिली ते पाचवीची मुलं वर्गात परत गेली ती २२ नोव्हेंबर २०२१ ला. वीस महिन्यांनी. या वेळी इतकं लांबेल असं मला वाटत नाही, पण सात वर्षांच्या मुलाला दिलेली तारीख मोडली की तो पुढचं काहीच खरं मानत नाही. ‘उघडली की पहिल्या दिवशी मी तुला सोडायला येईन’ हे वचन द्या. ते तुमच्या हातात आहे.

त्याच्या मित्राच्या आईचा नंबर ग्रुपमधून काढा. रोज दहा मिनिटं दोघांचा साधा फोन, व्हिडिओ नको. एक आज चार ओळी वाचून दाखवेल, दुसरा उद्या. पहिले दोन दिवस नुसते खिदळतील, खिदळू द्या. गेल्या वर्षी आपल्या गुजरातमध्ये कितीतरी शिक्षकांनी ‘शेरी शिक्षण’ म्हणून गल्लीत, झाडाखाली, देवळाच्या ओसरीवर चार-चार मुलं बसवून शिकवलं. त्याच्याही फार आधी कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा चालवली होती, गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात म्हणून शाळाच कुरणात नेली. तुमच्या अगाशीवर, उघड्या हवेत, मास्क लावून, दोन मुलं अर्धा तास बसली तर मला त्यात वावगं दिसत नाही. दोन्ही घरांत कुणाला सर्दी-ताप नसला पाहिजे, हे बघा.

अभ्यास म्हणाल तर दुसरीच्या मुलाकडून या दिवसांत एकच गोष्ट मी रोज करून घेईन, मोठ्याने वाचन, पंधरा मिनिटं. फोनशिवाय, पुस्तकातून. त्याची पद्धत सांगते. आधी तुम्ही चार ओळी वाचा, शब्दाखालून बोट सरकवत, नेहमीपेक्षा थोडं सावकाश. मग दोघं मिळून त्याच ओळी. मग तो एकटा. अडला तर मनात तीनपर्यंत मोजा, तेवढ्यात पुष्कळदा तो स्वतःच सुटतो. नाही सुटला तर शब्द सांगून टाका आणि पुढे चला. प्रत्येक अक्षराला ‘नीट बघ’ म्हटलं की मूल पुस्तकाऐवजी आपला चेहरा वाचायला लागतं. तेच पान तीन दिवस. तिसऱ्या दिवशी तो धाडधाड वाचेल, पाठही झालेलं असेल, असू दे. जोडाक्षर आलं की ते शेवटी वेगळं काढून पाटीवर लिहा आणि हाताने गिरवा.

सासूबाईंनी मराठीतून गोष्ट सांगावी, त्याने ती तुम्हाला गुजरातीतून सांगितली तरी चालेल. शाळेतली अक्षरं बिनरेघेची आणि आजीच्या पोथीतली डोक्यावर रेघ असलेली, याने मूल गोंधळतं असं बऱ्याच आया मला विचारत. वाचायला शिकवताना आत्ता एकच लिपी धरा, शाळेची. कानाला दोन भाषा खुशाल असू द्यात. आपल्या बडोद्यात कितीतरी पिढ्या अशाच वाढल्या.

गणितासाठी घरात उरलेले पतंग काढा. पाचांचा एक पंजा, वीसांची एक कोडी, हे त्याला बाजारातूनच माहीत असेल. किती पंज्यांची एक कोडी होते? तीन कोडी आणि दोन पंजे म्हणजे किती पतंग? त्यातले सहा फाटले तर? बघा, पाचाचा पाढा, वीसाचे गठ्ठे, बेरीज, वजाबाकी, सगळं एका फरशीवर झालं. आणि लिहायला त्याला हा विषय द्या: पतंगाला किन्ना (मांजा जोडायचा दोरा) कशी बांधतात. आधी हातात दोरा घेऊन करून दाखवायचं, मग तोंडाने सांगायचं, मग तीन ओळी लिहायच्या. ही वही बेनना पाठवा. डाव्या हाताच्या दहा पानांपेक्षा या तीन ओळींतून त्यांना जास्त कळेल.

सासूबाई म्हणतात दोन वर्षं वाया गेली. त्यांचं निम्मं खरं आहे. अझीम प्रेमजी फाउंडेशनने जानेवारी २०२१ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थानसह पाच राज्यांतल्या सरकारी शाळांमधल्या दुसरी ते सहावीच्या १६,०६७ मुलांची पाहणी केली, तेव्हा सरासरी ९२ टक्के मुलं भाषेतलं आधी येत असलेलं किमान एक कौशल्य विसरलेली होती. गणितात हा आकडा ८२ टक्के होता. म्हणजे नुकसान घरोघरचं आहे, तुमच्या एकट्या मुलाचं नाही. पण विसरलेल्या त्या गोष्टी कुठल्या होत्या ते ऐका. चित्र बघून त्यात काय चाललंय ते सांगणं, ओळखीचे शब्द वाचणं, दोन-चार सोपी वाक्यं लिहिणं. या गोष्टी स्वयंपाकघरात आणि आजीच्या मांडीवर परत येऊ शकतात. सासूबाईंना हे असं सांगा. छळायचं नाही हे त्यांचं म्हणणं ठेवू, सोडून द्यायचं हे मात्र नको. आणि घंटेचं आणि गोष्टीचं काम त्यांच्याकडे सोपवा.

टॅबबद्दल माझं मत विचाराल तर घेऊ नका. वर सांगितलेली वाटणी पंधरा दिवस करून बघा. मुलाचा वर्ग दोन तासांवर आला की एका फोनमध्ये बरंच बसतं, आणि हप्ते शाळा उघडल्यावरही डोक्यावर राहतात. तुमच्या मुलीचा वर्ग मुलाच्या नेमक्या त्याच दोन तासांना भिडत असेल तर शाळेला वेळ बदलून मागा. भावंडं एकाच शाळेत असताना हे मागणं वाजवी आहे, आणि असं सांगणारं तुमचं घर एकटं नसणार. ग्रुपवरच्या तीन-चार आयांशी बोलून मग मिळून सांगा.

ट्यूशनचं तर मला पटतच नाही. शाळेचे मोठे वर्ग धोक्याचे म्हणून बंद, आणि तीच पंधरा मुलं कुणाच्या तरी दहा बाय दहाच्या खोलीत दार लावून बसवायची? मुलांच्या लशी आत्ता ३ जानेवारीपासून सुरू झाल्या आहेत त्याही पंधरा वर्षांवरच्यांना. तुमच्या दोन्ही मुलांना अजून नाहीत. घरात वयस्कर माणूस आहे. पैसे खर्चायचेच असतील तर त्यातून मुलांना गोष्टीची चार पुस्तकं आणा.

पुस्तकांवरून सांगते. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं, हे तुमच्या मुलांच्या कानावर आलंच असेल. पण त्यांच्या राज्यात फिरती वाचनालयंही होती, लाकडी पेटीत पुस्तकं भरून ती पेटी गावाकडे जायची, तिथे वाचून झाली की दुसरी यायची. तुमच्या शाळेच्या कपाटात गोष्टींची पुस्तकं कुलूपबंद पडलेली असणार. बेनना विचारा की शाळेच्या फाटकाशी येऊन पाच पुस्तकं नेऊ का, आठवड्याने परत करीन. एका पिशवीत घाला, तुमच्याकडे चार दिवस, मित्राकडे चार दिवस. मी शिकवत असताना एका आईने हे आपणहून केलं होतं. पिशवी मे महिन्यात परत आली तेव्हा तिला दोन ठिगळं होती आणि पुस्तकं सगळी होती.

शिफ्ट कुठलीही असो, तुमच्या मिस्टरांनी दिवसात दहा मिनिटं मुलाचं वाचन ऐकावं. शिकवू नये, नुसतं ऐकावं. रात्रपाळीला निघताना बूट घालता घालता ऐकलं तरी मुलाला ते पुरतं.

आणि घरात कुणी आजारी पडलंच, सध्या घराआड माणसं आजारी आहेत, तर सरळ आठ दिवस सगळं बंद ठेवा. बेनना एक ओळ कळवा. त्या दिवसांचा गृहपाठ नंतर भरून काढायचा नाही.

महिनाभराने मला पुन्हा लिहा. मुलाचं वाचन कसं चाललंय ते कळवाच, पण त्याआधी मला तुमच्या मुलीबद्दल ऐकायचंय, तिने कुठलं पान उघडून दाखवलं ते. तिला स्वतःला लिहायचं असेल तर फार आनंद होईल. तिला सांगा, बाईंना अपूर्णांकाबद्दल काहीही विचारलं तरी चालतं, अक्षर कसंही असू दे, उत्तर मी तिच्या नावाने वेगळं पाठवीन.

तुमची,
बाई